सरकारी विद्यापीठात परदेशी विद्यार्थी किती घ्यायचे, आणि ते ठरवते कोण?

बडोद्यातल्या मराठी घरांत हा प्रश्न दोन विरुद्ध दिशांनी येतो. एका घरातली मुलगी कॅनडाच्या नाहीतर ऑस्ट्रेलियाच्या विद्यापीठाचे अर्ज भरत असते, आणि तिकडच्या सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातल्याची बातमी आली की घरातल्या सगळ्यांच्या जिवाला घोर लागतो. दुसऱ्या घरातल्या मुलाला एम. एस. युनिव्हर्सिटीत, म्हणजे बडोद्याच्या सरकारी महाराजा सयाजीराव विद्यापीठात, हवी ती शाखा मिळालेली नसते, आणि फतेहगंज-सयाजीगंज भागात वावरणाऱ्या आफ्रिकी किंवा अफगाणी विद्यार्थ्यांकडे बोट दाखवून कोणीतरी म्हणते, ‘आपल्या पोरांना जागा नाही, मग ह्यांना कशी मिळते?’ पहिल्या घराला मर्यादा हा अन्याय वाटतो, दुसऱ्याला ती आणखी कडक असावी असे वाटते. पुष्कळदा ही दोन्ही घरे एकाच कुटुंबातली, थोरल्या आणि धाकट्या भावाची असतात, हे सोडून देऊ.

‘मर्यादा’ हा एकच नियम आहे अशी समजूत करून घेतल्यामुळे या विषयावरची चर्चा भरकटते. प्रत्यक्षात कोणी जागांवर मर्यादा घालतो, कोणी व्हिसावर, कोणी फीवर, तर कोणी शिकवण्याच्या भाषेवर. आणि ती कोठे घातली आहे यावरून तिचा फटका कोणाला बसणार हे ठरते. ती समजून घ्यायची तर टक्केवारीकडे वळण्याआधी पैशाकडे पाहावे लागते.

जागेचा खर्च कोण उचलतो

सरकारी अनुदानावर चालणाऱ्या विद्यापीठात विद्यार्थी भरतो ती फी आणि त्याला शिकवण्याचा खरा खर्च यांत मोठी तफावत असते. प्राध्यापकांचे पगार, प्रयोगशाळा, ग्रंथालय, इमारतींची देखभाल यांचा बहुतांश भार तिजोरीवर पडतो, आणि ती तिजोरी ज्यांच्या करांतून भरते त्या लोकांना आपल्या मुलांचा त्या जागांवर पहिला हक्क आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परदेशी विद्यार्थी या हिशेबात दोन अगदी वेगळ्या रूपांत येऊ शकतो. तो स्थानिक विद्यार्थ्याइतकीच सवलतीची फी भरत असेल तर तो तिजोरीवरचा बोजा असतो. तो पूर्ण खर्च किंवा त्याच्या कितीतरी पट फी भरत असेल तर तो विद्यापीठाचे उत्पन्न असतो. ऑस्ट्रियाच्या वैद्यकीय विद्यापीठात शिकणारा जर्मन मुलगा पहिल्या प्रकारचा, तर कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या सरकारी कॉलेजात शिकणारी गुजराती मुलगी दुसऱ्या प्रकारची. मर्यादेच्या बातमीत ‘परदेशी विद्यार्थी’ हे दोनच शब्द असतात, म्हणून वाचणाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतात.

सरकारी पैशाने परक्या देशात शिकण्याची गोष्ट बडोद्याला नवी नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले तेव्हा दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी संस्थानच्या तिजोरीतून मंजूर झाली होती, आणि त्या बदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. सार्वजनिक पैसा देताना काहीतरी अट घालायची, ही रीत तेव्हाही होती. आजच्या मर्यादा हा त्याच अटींचा एक प्रकार आहे. फरक इतकाच की ती अट आता विद्यार्थ्याऐवजी विद्यापीठाला घातली जाते.

आपल्याकडचा नियम: जागांच्या आत की जागांच्या वर

भारतात या प्रश्नाची गुरुकिल्ली एका शब्दात आहे, तो म्हणजे ‘सुपरन्युमररी’, अर्थात मंजूर संख्येच्या वरच्या जागा. एखाद्या अभ्यासक्रमाला साठ जागा मंजूर असतील तर त्या साठ जागा भारतीय विद्यार्थ्यांच्या. परदेशी विद्यार्थ्याला त्या साठांतली एक काढून दिली जात नाही, त्याच्यासाठी वेगळी जागा निर्माण केली जाते. ही वरची संख्या पूर्वी पंधरा टक्क्यांपर्यंत नेता येत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे काढून पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी ती पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढवली. साठ जागांच्या हिशेबात पूर्वी नऊ परदेशी विद्यार्थी घेता येत होते, आता पंधरा घेता येतात.

या तत्त्वांतल्या काही गोष्टी बातम्यांत हरवून गेल्या. पहिली ही की वरची जागा रिकामी राहिली तर ती परदेशी विद्यार्थ्याखेरीज कोणालाही देता येत नाही, त्यामुळे ‘परदेशी आले नाहीत तर निदान आमच्या मुलाला द्या’ हे म्हणण्याला अर्थ उरत नाही. दुसरी ही की दोन संस्थांमधल्या किंवा दोन सरकारांमधल्या करारानुसार, अदलाबदलीच्या कार्यक्रमातून येणारे विद्यार्थी या पंचवीस टक्क्यांत धरलेले नाहीत. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की पंचवीस हा आकडा कमाल आहे. प्रत्यक्षात किती जागा काढायच्या हे आपल्याकडच्या सोयी आणि शिक्षकसंख्या पाहून आणि संबंधित नियामक परिषदेचे नियम सांभाळून त्या त्या संस्थेने ठरवायचे आहे. एखादे विद्यापीठ शून्यही ठरवू शकते.

आयआयटींचे गणित याहून निराळे आहे. तेथे जेईई अॅडव्हान्स्डच्या मार्गाने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक अभ्यासक्रमात मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत वरच्या जागा असतात. एनआयटींत परदेशातल्या विद्यार्थ्यांना थेट प्रवेश देणाऱ्या ‘दासा’ योजनेखाली पंधरा टक्के वरच्या जागा आहेत आणि त्यांतला एक तृतीयांश हिस्सा आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी राखलेला आहे. म्हणजे ‘परदेशी’ म्हणून मोजल्या जाणाऱ्या जागांवर बसलेला विद्यार्थी मूळचा बडोद्याच्या रावपुऱ्यातला आणि वडिलांच्या नोकरीमुळे मस्कतला वाढलेला असू शकतो. वैद्यकीय शिक्षणात वरच्या जागांची ही मोकळीक नाही. तेथे प्रत्येक जागा खाटा आणि शिक्षक मोजून मंजूर झालेली असते, आणि परदेशी विद्यार्थ्यालाही ‘नीट’ द्यावीच लागते.

तेव्हा ‘आमच्या मुलाची जागा परदेशी मुलाने घेतली’ ही तक्रार बडोद्यातल्या बहुतेक अभ्यासक्रमांच्या बाबतीत कागदावर तरी खरी ठरत नाही. मात्र ‘कागदावर तरी’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. पंगतीत चार पाने जास्त मांडली म्हणून वाढपी वाढत नाहीत, तसेच येथे होते. साठ विद्यार्थ्यांचा रसायनशास्त्राचा वर्ग घ्या. प्रात्यक्षिकांसाठी वीस-वीसच्या तीन तुकड्या केलेल्या असतात, कारण ओट्यांवर तेवढीच माणसे उभी राहू शकतात आणि विषारी वायू ओढून घेणारे फ्यूम हूड एक किंवा दोन असतात. त्यात पंधरा विद्यार्थी आले की एकतर प्रत्येक तुकडी पंचवीसची होते आणि एका ब्युरेटवर दोघे काम करू लागतात, किंवा चौथी तुकडी करावी लागते. चौथी तुकडी म्हणजे आठवड्यातून आणखी एक दुपार, प्रयोगशाळेतला आणखी एक सहायक आणि ती तुकडी सांभाळणारा शिक्षक. आणि हा शिक्षक बहुधा हंगामी नेमणुकीवरचा असतो. वरच्या जागांबरोबर वरचे पद मंजूर होत नाही. परदेशी विद्यार्थ्याची जास्तीची फी त्या विभागाकडे न येता विद्यापीठाच्या सामायिक खात्यात जमा होत असेल, तर विभागप्रमुखाच्या दृष्टीने काम वाढते आणि हाती काही पडत नाही. सुपरन्युमररी जागांची पद्धत स्थानिक विद्यार्थ्याची जागा वाचवते. त्याचा ओटा आणि त्याच्या शिक्षकाचा वेळ वाचवतेच असे नाही.

पण मुळात येतात किती?

आता या सगळ्या काळजीला थोडा लगाम घालणारा आकडा. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये देशात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते, आणि त्याच वर्षी उच्च शिक्षणातील एकूण विद्यार्थी होते सुमारे ४ कोटी ३३ लाख. म्हणजे हजारात एक. त्यांतही सर्वांत मोठा वाटा, अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास, नेपाळचा. पंचवीस टक्क्यांचे छत इतके उंच आहे की सरकारी विद्यापीठांत बहुधा कोणाचे डोके त्याला लागत नाही. परदेशी मुले मोठ्या संख्येने दिसतात ती प्रामुख्याने खासगी विद्यापीठांत. बडोद्याचेच उदाहरण घ्यायचे तर वाघोडिया रस्त्याने बाहेर पडल्यावर याचा प्रत्यय येतो.

सरकारी विद्यापीठात खरी मर्यादा घालणाऱ्या गोष्टी नियमांच्या पुस्तकात सापडत नाहीत. वसतिगृहाची खोली ही त्यांतली पहिली. बाहेर भाड्याने घर पाहायला गेलेल्या परदेशी मुलाला आधी ‘कोणत्या देशाचा’ आणि मग ‘नॉन-व्हेज करणार का’ हे दोन प्रश्न विचारले जातात, आणि उत्तर ऐकून पुष्कळ दारे बंद होतात. आपल्या मराठी सोसायट्याही याला अपवाद नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे कागदपत्रे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला पोहोचल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद करावी लागते. ते काम आता ऑनलाइन होते, परंतु त्यासाठी विद्यापीठाचे प्रमाणपत्र आणि राहण्याचा पुरावा लागतो, आणि घरमालक परदेशी भाडेकरू ठेवल्याची नोंद देणारा फॉर्म भरायला तयार नसेल तर पुराव्याचे घोडे तिथेच अडते. तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. १९५० मध्ये स्थापन झालेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, म्हणजे आयसीसीआर, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते आणि सरकारी विद्यापीठांत दिसणारे पुष्कळ परदेशी विद्यार्थी याच मार्गाने येतात. त्यांची निवड, विद्यापीठाची संमती, दूतावासाचा व्हिसा हे सगळे जमून येईपर्यंत पहिले सत्र अर्ध्यावर आलेले असते, आणि मग चाचणी परीक्षेचे काय करायचे हा प्रश्न वर्गशिक्षकाच्या गळ्यात पडतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ‘स्टडी इन इंडिया’ हा उपक्रम सुरू केला तो परदेशी विद्यार्थी वाढवण्यासाठी. आपल्या सरकारची चिंता ही संख्या जास्त असल्याची नसून कमी असल्याची आहे.

मग बडोद्यात जागांवरून वाद होतो तो कोणाविरुद्ध? बहुधा दुसऱ्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांविरुद्ध. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांचे प्रवेश सामायिक पोर्टलवर गेल्यावर २०२४ मध्ये कॉमर्स फॅकल्टीतल्या स्थानिक विद्यार्थ्यांच्या जागांवरून शहरात जोरदार आंदोलने झाली, त्यांत मराठी घरांतली मुलेही होती. त्या आंदोलनांत ‘बाहेरचा’ म्हणजे आणंदचा, भरूचचा किंवा दाहोदचा विद्यार्थी होता. विद्यापीठ सयाजीरावांच्या नावाने, बडोद्याच्या जमिनीवर, १९४९ मध्ये उभे राहिले म्हणून त्यावर बडोदेकरांचा हक्क, की आज ते राज्याच्या अनुदानावर चालते म्हणून त्यावर सगळ्या गुजरातचा हक्क, हा त्यामागचा खरा वाद आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने नेमका हाच वाद टक्केवारीत मांडला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने २०१७ मध्ये असे धोरण केले की विद्यापीठाच्या बहुतेक परिसरांत (कॅम्पसांत) पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी राज्याबाहेरच्यांचे प्रमाण अठरा टक्क्यांवर जाऊ नये. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो आणि अर्व्हाइन येथे ते आधीच त्याहून जास्त होते, म्हणून त्यांना तेव्हाच्या पातळीवर थांबवले. या हिशेबात टेक्सासचा अमेरिकन मुलगा आणि बडोद्याची मुलगी एकाच रकान्यात मोजली जातात, कारण कर भरणारे कॅलिफोर्नियाचे आहेत. पुढे राज्याने यातल्या पहिल्या तीन मोठ्या परिसरांना बाहेरच्यांची संख्या टप्प्याटप्प्याने उतरवायला सांगितले, आणि त्यांच्या जास्तीच्या फीचे जे उत्पन्न बुडेल ते भरून देण्यासाठी पैसेही दिले. नुसती टक्केवारी लादून मोकळे न होता तिची किंमत राज्याने स्वतःच्या खिशातून चुकती केली, हे मला या सगळ्या उदाहरणांत विशेष वाटते.

व्हिसावर मर्यादा: कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया

बडोद्यातल्या पालकांचा ज्यांच्याशी सर्वाधिक संबंध येतो ते हे दोन देश. बडोद्याच्या अलकापुरी भागात आयईएलटीएसचे (इंग्रजीच्या परीक्षेचे) वर्ग आणि व्हिसा सल्लागारांच्या पाट्या एका इमारतीवर किती मावतात हे पाहिले की त्याचा अंदाज येतो. या देशांत परदेशी विद्यार्थी बोजा नव्हता, उत्पन्न होता, आणि तरीही मर्यादा आली. ती का आली हे समजण्यासाठी ओंटारिओ प्रांताकडे पाहिले पाहिजे.

ओंटारिओच्या सरकारने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी दहा टक्क्यांनी कमी केली आणि नंतर ती गोठवली. अनुदान त्या प्रमाणात वाढवले नाही. सरकारी कॉलेजांपुढे तूट भरून काढण्याचा एकच मोकळा मार्ग उरला, आणि तो म्हणजे ज्यांच्या फीवर बंधन नव्हते ते परदेशी विद्यार्थी. प्रांताच्या महालेखापालांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की सरकारी कॉलेजांत परदेशी विद्यार्थी सुमारे तीस टक्के होते, पण शिक्षण शुल्कातून येणाऱ्या उत्पन्नाचा अडुसष्ट टक्के वाटा त्यांचा होता. काही सरकारी कॉलेजांनी तर आपला अभ्यासक्रम खासगी संस्थांना चालवायला देऊन टोरांटोच्या आसपास शाखा काढल्या. घरभाडी कडाडली, एकेका तळघरात सहा-सहा मुले राहू लागली, आणि लोकांचा राग परदेशी विद्यार्थ्यांवर निघाला. प्रांत फी वाढवू देत नव्हता, कॉलेजे संख्या वाढवत होती आणि केंद्र सरकार व्हिसा देत होते. या तिघांपैकी हात आखडता घेणे सर्वांत सोपे कोणाला होते, तर केंद्राला.

जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने त्या वर्षासाठी नव्या अभ्यास परवान्यांची मर्यादा सुमारे ३,६०,००० ठेवली. ती आदल्या वर्षाच्या तुलनेत पस्तीस टक्क्यांनी कमी होती. हा कोटा लोकसंख्येच्या प्रमाणात प्रांतांना वाटून दिला आणि अर्जाबरोबर प्रांताचे साक्षांकन पत्र, म्हणजे विद्यार्थी आपल्या कोट्यात धरल्याचा प्रांताचा दाखला, बंधनकारक केले. प्रवेशपत्र हातात असूनही अनेकांचे अडले ते या पत्रापाशी, कारण कॉलेजाने प्रवेश दिला तरी प्रांताने त्या कॉलेजाला दिलेला कोटा संपलेला असू शकतो. २०२५ साठी एकूण परवान्यांचे लक्ष्य ४,३७,००० होते. २०२६ साठी ते ४,०८,००० आहे, आणि त्यांतले नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी केवळ १,५५,००० आहेत. उरलेले परवाने आधीच तेथे असलेल्यांच्या मुदतवाढीचे. एजंटाने ‘चार लाख व्हिसा निघतायत’ असे सांगितले तर हा फरक ध्यानात ठेवावा. दुसरी बाजू अशी की १ जानेवारी २०२६ पासून सरकारी संस्थांत मास्टर्स आणि पीएच. डी. करणाऱ्यांना साक्षांकन पत्राची गरज राहिलेली नाही. संस्था सरकारी आहे की खासगी, हा प्रश्न आपल्याकडे आतापर्यंत क्वचितच कोणी विचारत असे. आता तो पहिला विचारायला हवा.

ऑस्ट्रेलियाची रीत अधिक गुंतागुंतीची आहे. तेथील सरकारने २०२५ साठी नवे प्रवेश घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या २,७०,००० वर आणायचे ठरवले आणि त्यांपैकी सुमारे १,४५,००० सरकारी विद्यापीठांच्या वाट्याला ठेवले. संस्थावार मर्यादा घालण्याचे अधिकार देणारे विधेयक मात्र २०२४ च्या अखेरीस संसदेत अडकले. मग सरकारने दुसरी वाट काढली. डिसेंबर २०२४ मध्ये मंत्र्यांच्या आदेशाने असे ठरवले की एखाद्या संस्थेला नेमून दिलेल्या संख्येच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतचे व्हिसा अर्ज प्राधान्याने पाहायचे आणि त्यानंतरचे सावकाश. कायद्याने ‘नाही’ म्हणता येत नव्हते, म्हणून रांग हळू चालवली. विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा की एकाच गुणवत्तेच्या दोन मुलींपैकी एकीला व्हिसा वेळेवर मिळतो आणि दुसरीचे सत्र हुकते, आणि त्याचे कारण त्यांच्या अर्जांत शोधून सापडत नाही. २०२६ साठी ऑस्ट्रेलियाने ही संख्या २,९५,००० केली आहे.

जेथे सरळ ‘नाही’ म्हणता येत नाही

युरोपीय संघात एका देशाला दुसऱ्या सदस्य देशाच्या विद्यार्थ्याशी भेदभाव करता येत नाही. ऑस्ट्रियाला याचा अनुभव २००५ मध्ये आला. जर्मनीत वैद्यकीय प्रवेशासाठी गुणांची अट कडक असल्याने तेथे प्रवेश न मिळालेले विद्यार्थी ऑस्ट्रियाकडे वळू पाहत होते, आणि ऑस्ट्रियाने त्यांना अडवण्यासाठी घातलेली अट युरोपीय न्यायालयाने त्या वर्षी बेकायदा ठरवली. त्यापाठोपाठ सीमेपलीकडून अर्जांची रीघ लागली. मग ऑस्ट्रियाने २००६ पासून वैद्यकीय जागांची वाटणी केली: पंचाहत्तर टक्के ऑस्ट्रियात शाळा पूर्ण केलेल्यांना, वीस टक्के युरोपीय संघातल्या इतरांना, पाच टक्के बाकीच्या जगाला. भेदभावाचा आरोप पुन्हा झाला, पण ऑस्ट्रियाने मांडलेला मुद्दा वजनदार होता. शिकून झाल्यावर जर्मन विद्यार्थी मायदेशी परततात, आणि आपल्याच खेड्यापाड्यांत डॉक्टर उरणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने वैद्यकीय अभ्यासक्रमापुरती ही वाटणी मान्य केली. संपूर्ण विद्यापीठावर लावलेल्या टक्केवारीपेक्षा एका अभ्यासक्रमावर, ठोस कारण देऊन लावलेली मर्यादा अधिक टिकाऊ ठरते, हे मला या प्रकरणावरून पटले.

डेन्मार्कने दुसरा उपाय केला. युरोपीय संघातून येणाऱ्यांना फी माफ आणि काहींना डॅनिश सरकारचा विद्यार्थी भत्ताही द्यावा लागत असल्यामुळे त्याने २०२१ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या जागाच कमी करायचे ठरवले. डॅनिश भाषा शिकून यायला कोणाचीच मनाई नव्हती. येणार मात्र फारसे कोणी नव्हते. नेदरलँड्समधला वादही इंग्रजी माध्यमाभोवतीच फिरतो आहे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे सेंट गॅलन विद्यापीठाला परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांवर थांबवून त्यांच्यापुरती प्रवेश परीक्षा ठेवता येते. त्याच देशातल्या झुरिक आणि लोझान येथील दोन संघीय तंत्रविद्यापीठांनी संख्येला हात न लावता २०२५ च्या शरद सत्रापासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांची फी तिप्पट केली. तिप्पट म्हणजे एका सत्राला ७३० फ्रँकवरून २,१९० फ्रँक, आणि बडोद्यातून अमेरिकेला निघालेल्या कोणालाही हा आकडा अजून स्वस्तच वाटेल.

अमेरिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने नऊ विद्यापीठांपुढे एक करारनामा ठेवला. त्यात पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी परदेशी पंधरा टक्क्यांहून अधिक नसावेत आणि कोणत्याही एका देशाचे पाच टक्क्यांहून अधिक नसावेत अशी अट होती, आणि तिच्या बदल्यात केंद्रीय निधीत झुकते माप देऊ केले होते. नकार देणाऱ्यांत एमआयटी पहिली. या अटीतला दुसरा भाग भारतीयांनी नीट पाहावा, कारण एका देशावरची मर्यादा नेहमीच सर्वांत मोठ्या रांगेला लागते, आणि ती रांग हल्ली आपली असते.

याच्या नेमके उलट हाँगकाँग करतो आहे. तेथे सरकारी अनुदानाच्या विद्यापीठांत बाहेरच्या विद्यार्थ्यांची मर्यादा स्थानिक जागांच्या वीस टक्के होती. ती २०२४-२५ पासून चाळीस टक्के केली आणि २०२६-२७ पासून पन्नास टक्के करण्याची घोषणा झाली. स्थानिकांच्या जागा तशाच ठेवून त्यांच्यावर या जागा वाढवायच्या, हे तत्त्व आपल्या सुपरन्युमररी पद्धतीशी मिळतेजुळते आहे. मात्र आपल्याकडे वरच्या जागांना विद्यार्थी मिळत नाहीत, आणि हाँगकाँगला चीनच्या मुख्य भूमीवरून येणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे वसतिगृहे कोठून आणायची ही अडचण पडली आहे.

बडोद्यात हा प्रश्न कोणाला विचारायचा

गुजरातच्या २०२३ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानंतर एम. एस. युनिव्हर्सिटीची निवडून येणारी सिनेट आणि सिंडिकेट गेली आणि त्यांच्या जागी बोर्ड ऑफ मॅनेजमेंट आले. परदेशी विद्यार्थ्यांसाठी वरच्या जागा किती काढायच्या हा निर्णय पूर्वी वादावादीतून, वर्तमानपत्रांतून बाहेर येत असे. आता तो शांतपणे होतो, आणि पालकांना बहुधा प्रवेशाच्या वेळीच कळतो. अनुदान आयोगाच्या २०२२ च्या तत्त्वांप्रमाणे प्रत्येक अभ्यासक्रमातल्या या जागांची संख्या, फी आणि पात्रता संस्थेने संकेतस्थळावर जाहीर करायची असते. ज्यांना खरोखर काळजी वाटते त्यांनी ती यादी काढून आपल्या मुलाच्या विभागापुढे कोणता आकडा लिहिला आहे, त्यांतल्या किती जागा गेल्या वर्षी भरल्या, आणि त्या भरल्यावर प्रात्यक्षिकांची तुकडी वाढली की नाही, एवढे तीन प्रश्न लेखी विचारावेत. विद्यापीठ सरकारी असल्याने त्यासाठी माहिती अधिकाराचा साधा अर्ज पुरतो.